हस्तिदंती देऊळ

३ फेब्रुवारी

गावदेवीच्या देवळाला यंदा रंग काढायचा आहे. आज कमिटीने ते काम एकमताने माझ्याकडे सोपवलं. एकमत म्हणजे असं, की अध्यक्ष कमलेश म्हणाला, "रंगाचं नाना बघतील," आणि बाकीचे चहा प्यायला लागले. दुसरं कोण बघणार? रसायनीच्या रंगाच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं शेड जुळवली आहे. दोन पांढऱ्यांमधला फरक सांगणारा माणूस म्हणून मला अजून मोहोपाड्यात ओळखतात. साहेबांनी शेड मोजायचं मशीन आणलं, तेव्हा मशीन बरोबर सांगतं की नाही हे विचारायलाही मलाच बोलावलं होतं.

म्हणून ही वही काढली. कारखान्यात नियम होता, जे ठरलं ते लिहायचं आणि नमुन्याखाली सही करायची, म्हणजे मागाहून कुणी शब्द फिरवत नाही. ठरलं ते असं: चैत्र पौर्णिमेच्या जत्रेआधी, म्हणजे १२ एप्रिलच्या आत, देऊळ हस्तिदंती झालं पाहिजे. कमिटी त्याला क्रीम कलर म्हणते. क्रीम बिस्किटात असतं.

स्केचपेनने लिहितो आहे. हल्ली बॉलपेनात शाई फार फिकी भरतात.

७ फेब्रुवारी

सूनबाईंनी, म्हणजे भाविकाने, आज पुन्हा भातात हळद घातली. मी विचारलं, आज काय सण आहे का. ती म्हणाली, "नाना, साधा भात हाय." आमच्या मंडळींनी, म्हणजे सुनंदाने, "जेवा गुपचूप" म्हणून विषय मिटवला. माझ्या पांढऱ्या सदऱ्यांचंही तेच झालं आहे. साबण बदला म्हणून तीनदा सांगितलं. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

जेवताना सुनंदाने डाव्या हाताचा तांब्या लवंडला. या महिन्यातला तिसरा, आणि महिना अजून आठवड्याचासुद्धा झालेला नाही. मी म्हणालो, "लक्ष कुठं असतं गं तुझं?"

"बाजूला व्हता, तो दिसलाच नाय मला," ती म्हणाली. मग पदराने पाणी टिपत म्हणाली, "समोरचं दिसतं. कडंचं कायतरी खाल्ल्यागत झालंय. आईचं पण असंच झालेलं. मोहोपाड्याच्या शाळेत दोन मार्चला डोळ्यांचं शिबिर हाय. तुमी चला, मी पण दाखवते."

डाव मी तिथेच ओळखला. गेलं वर्षभर ती माझ्या मागे लागली आहे, डोळे दाखवा, डोळे दाखवा. मी ऐकत नाही म्हटल्यावर आता स्वतःचे डोळे पुढे केले. एकेचाळीस वर्षांचा संसार आहे. तिची खेळी मला पानात वाढायच्या आधीच कळते.

११ फेब्रुवारी

सकाळी वळणावर कमलेश भेटला. थंडीचं काळं जाकीट घालून उभा होता. दिवसेंदिवस सुटतच चालला आहे. मी त्याला शेड म्हणजे काय, उन्हातला रंग आणि सावलीतला रंग वेगळा का दिसतो, कळसाला ऑइलपेंट का नको, हे सगळं नीट समजावून सांगितलं. वीस मिनिटं तरी बोललो असेन. त्याने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. अध्यक्ष झाल्यापासून पोरात फरक पडला आहे हे कबूल केलं पाहिजे. निघताना खांद्यावर हात ठेवला, तर जाकीट गारठलेलं होतं.

१५ फेब्रुवारी

कमलेश म्हणतो, मंगळवारी तो गावातच नव्हता, जमिनीच्या कामाला अलिबागला होता. पन्नाशी गाठायच्या आतच विसरायला लागला. मी काही बोललो नाही. माणसाचा कमीपणा चारचौघांत काढू नये.

ग्रामपंचायतीने म्हणे वळणावर पाण्याची नवी काळी टाकी आणून ठेवली आहे, अजून बसवायची आहे. सुनंदा बोट करून दाखवत होती. मला काही टाकी दिसली नाही. तिथे कमलेश उभा होता.

१८ फेब्रुवारी

काम सुरू. रंगारी नागू, वरच्या वाडीचा. माथेरानच्या हॉटेलांना दरवर्षी तोच रंग काढतो. हात साफ आहे, दोरावर लटकूनसुद्धा सरळ रेघ मारतो. पण रंग बघायची नजर ही वेगळी गोष्ट.

दुकानातून आणलेला हस्तिदंतीचा डबा उघडला, तर आत पिवळा धमक रंग. सरळ झेंडूच. मी नागूला म्हटलं, दुकानदाराने फसवलं. नागू डब्यात वाकून बघत म्हणाला, "नाना, मला बराबर दिसतंय."

आता त्याला काय सांगायचं? पांढऱ्यातला पिवळेपणा मारायचा तर जांभळ्याचा थेंब टाकायचा, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. जांभळ्या स्टेनरची, म्हणजे रंगात मिसळायच्या घट्ट रंगाची, एक बाटली मागवली. एक थेंब टाकला, फरक नाही. दहा टाकले, तरी पिवळं. शेवटी अर्धी बाटली ओतली, तेव्हा कुठे रंग वळणावर आला. नागूने देवळाच्या मागच्या भिंतीवर हातभर पट्टा मारला आणि म्हणाला, "नाना, हितं सही करा."

"कशाला रं?"

"तुमीच म्हणालात ना, कंपनीत करायचे."

शिकण्याची आवड आहे पोराला. चाळिशीचा आहे, पण आवड आहे. सही केली.

२३ फेब्रुवारी

कशेळ्याला सुनंदाच्या भाच्याच्या मुलीचं लग्न. कर्जतपर्यंत एसटी, पुढे जीपमध्ये अकरा माणसं आणि एक कोंबडा. कशेळ्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन मांडव. सुनंदा म्हणाली, "आपला पलीकडचा दिसतो." मी म्हणालो, कमान बघ, नाव स्वच्छ लिहिलं आहे. मला ते स्वच्छ दिसत होतं असं नाही, पण कमानीवर नाव असणारच, आणि आपण ज्या लग्नाला आलो त्याचंच असणार.

पाहुणचार उत्तम झाला. वरबापाने मिठी मारली. मी स्टेजवर जाऊन स्टीलचा मोठा डबा दिला, फोटो काढून घेतला, नवऱ्यामुलाला शेड जुळवण्यातून संसाराला काय शिकायचं ते दोन शब्दांत सांगितलं. जिलेबी चार खाल्ल्या. निघताना सुनंदाचा भाचा रस्त्यापलीकडून हात हलवत धावत आला. "आत्या, तुमी तिकडं कुठं जेवलात?"

सुनंदा बाहेर पडताना मांडवाच्या दोराला अडखळली आणि गुडघ्यावर पडली. दोर तिच्या डाव्या अंगाला चांगला मनगटाएवढा जाड. मी म्हणालो, "एवढा दोर दिसत नाही?" ती हात झटकत उठली. "मला दोर दिसला नाय, तुमाला मांडव," म्हणाली. डबा मात्र चांगला होता.

२ मार्च

शिबिराचा दिवस. भाविकाने दोघांचीही नावं घातली होती, मला न विचारता. सुनंदा सकाळी सातलाच तयार होऊन ओट्यावर बसली. हिरवी साडी नेसली होती, ठेवणीतली. मी म्हणालो, देवळाचा पुढचा भाग आज सुरू होतोय, मी हलू शकत नाही. ती म्हणाली, "मग मी भाविकासंगती जाऊन येऊ?" मी म्हणालो, नागू आणि त्याची दोन माणसं जेवायला आहेत, त्यांना कोण वाढणार?

ती ओट्यावरून उठली. मग आत गेली, साडी बदलली आणि भाकऱ्यांचं पीठ मळायला घेतलं. बघा, डोळ्यांचं खरंच काही असतं तर भांडून गेली असती. माझं बरोबर होतं.

पुढची भिंत मस्त निघाली. पुन्हा पिवळा मारायला लागत होता, म्हणून स्टेनरची पूर्ण बाटली. नागू म्हणाला, "नाना, एकदा दुसऱ्या कुणाला दाखवू का?" मी म्हणालो, हातच्या कंकणाला आरसा कशाला. त्याने पट्टा मारला, मी सही केली.

९ मार्च

कमिटी आज काम बघायला आली. सगळे बराच वेळ गप्प उभे राहिले. चांगल्या कामापुढे माणूस असाच गप्प होतो. कमलेश म्हणाला, "नाना, हा... हाच ठरलेला ना?" मी म्हणालो, उन्हात बघू नकोस, सावलीत बघ. ते सगळे सावलीत जाऊन उभे राहिले आणि तिथेही गप्पच राहिले. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "नाना कंपनीत व्हते, त्यांना कळतं." हे मला आवडलं.

१४ मार्च

धुळवड. पोरं ओल्या भिंतीला पाठ घासून गेली. मी ओरडलो तर म्हणाली, "नाना, यंदा रंग इकत नाय घेतला." काय बोलतात, त्यांचं त्यांना ठाऊक. हस्तिदंतीने कुणी धुळवड खेळतं का?

२६ मार्च

देऊळ पूर्ण. कळस, खांब, चौथरा, सगळं एका शेडमध्ये. एकूण तीन पट्टे, तीन सह्या.

आणि काम बोलतं. कर्जतकडच्या फार्महाउसवर येणारी मुंबईची मुलं गाड्या थांबवून देवळापुढे फोटो काढतात. आज दोन मुली देवळापुढे नाचल्या, तिसरीने मोबाइल धरला. एका जोडप्याने विचारलं, "अंकल, ये कलर किसने चूज किया?" मी छाती पुढे काढून सांगितलं. त्यांनी माझाही फोटो घेतला. हस्तिदंतीचं हे वैशिष्ट्य, माणूस त्याच्यापुढे उठून दिसतो.

सुनंदा परवा दाराच्या चौकटीवर आपटली. कपाळाला डाव्या बाजूला टेंगूळ आलं आहे. चौकट एकेचाळीस वर्षं तिथेच आहे, असं मी म्हणालो. हल्ली ती चालताना डावा हात पुढे धरून चालते. मी विचारलं तर म्हणाली, "सवय लागली."

८ एप्रिल

जत्रेची तयारी. दिवसभर लाउडस्पीकर चालू. दुपारी घोषणा झाली, "जांभळ्या देवळासमोर कुणीही गाड्या लावू नयेत." मी विचार केला, आसपास जांभळं देऊळ कुठलं? लोक हल्ली देवळांना काहीही रंग देतात. जत्रा झाली की जाऊन बघून यायला हवं, आणि कुणी काढला तेही विचारायला हवं.

१२ एप्रिल

आज जे झालं ते लिहितो, कारण लिहायचं ठरवलं आहे.

संध्याकाळी देवीची आरती. बायका डाव्या बाजूला, पुरुष उजव्या. आरती झाल्यावर तबक फिरत फिरत सुनंदाकडे आलं, तिच्या डाव्या अंगाने. सगळ्यांना दिसलं, तिला नाही. तिने नमस्काराला हात उचलले आणि तबक उडालं. निरांजन, कुंकू, तेल, सगळं जमिनीवर. कुणाला भाजलं नाही, एवढी देवीची कृपा. पण जत्रेच्या दिवशी आरतीचं तबक पडलं. दोघीतिघींनी तोंडाला पदर लावला. कुणीतरी म्हणालं, अपशकून.

सुनंदा तिथेच खाली बसली आणि हाताने चाचपत वाती गोळा करायला लागली. तिच्या डाव्या हाताशी निरांजन पडलं होतं आणि ती उजवीकडे शोधत होती. हे मला दिसलं. मला लांबचं हल्ली जरा धुरकट दिसतं, ते आज लिहून टाकतो, पण हे दिसलं.

घरी आल्यावर मी रागावणार होतो. ती कॅलेंडरसमोर उभी होती. उजवा डोळा हाताने झाकलेला. मी म्हणालो, हे काय? म्हणाली, "या डाव्यानं महिन्याचं नाव दिसतं, तारखा दिसत नायत." मग तशीच माझ्याकडे वळली. "तुमचं पण तोंड अर्धंच हाय."

मी म्हणालो, उद्याच जाऊ पनवेलला. मग उद्या रविवार आहे असं आठवलं, सोमवारीही सुट्टी, म्हणून मंगळवारी. आणि हेही म्हणालो की माझेही डोळे दाखवीन, म्हणजे निदान एका माणसाचे तरी धडधाकट आहेत हे कळेल.

१५ एप्रिल

पनवेलचं डोळ्यांचं हॉस्पिटल. सकाळी आठला पोचलो, अडीचला सुटलो. रूपेशने, आमच्या मुलाने, त्यासाठी शिफ्ट बदलून घेतली होती.

आधी माझा नंबर. समोर अक्षरांचा तक्ता. पहिलं अक्षर वाचलं. दुसऱ्या ओळीला मी तपासणाऱ्या मुलीला म्हणालो, बाई, तुमची छपाई फिकी आहे. ती म्हणाली, "काका, सगळ्यांना हाच तक्ता आहे." तिसऱ्या ओळीला मी म्हणालो, दिवा बदला. चौथ्या ओळीला मी काही म्हणालो नाही, कारण चौथी ओळ होती हेच मला रूपेशने नंतर सांगितलं.

डॉक्टरीणबाई तरुण, बोलायला स्वच्छ. डोळ्यांत थेंब घालून यंत्रातून बघितलं आणि म्हणाल्या, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, काका. चांगला पिकलेला. इतके दिवस कसं काय चालवलंत?" वयाप्रमाणे डोळ्यातली काच पिवळी आणि गढूळ होत जाते म्हणे. सगळं पिवळट दिसतं, निळं-जांभळं मरतं. भात पिवळा दिसतो का, असं त्यांनीच विचारलं. मी रूपेशकडे बघितलं. त्याने छताकडे बघितलं.

"ऑपरेशन सोपं आहे," त्या म्हणाल्या. "आतली गढूळ काच काढून नवी बसवतो. तुमची नजर परत येईल." माझ्यावर एकूण सात मिनिटं गेली.

मग सुनंदा. तिच्यावर दीड तास गेला. डोळ्यांचा दाब मोजला. पुन्हा मोजला. मग एका अंधाऱ्या खोलीत एका पांढऱ्या भांड्यासारख्या यंत्रात तिने हनुवटी टेकवायची, आत बारीक दिवे लागतात, दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी शेजारी बसलो होतो. दिवा लागला की ती दाबत नाही असं मला वाटलं म्हणून मी हळूच "दाब, दाब" म्हणत होतो. मला बाहेर काढलं. चाचणी पहिल्यापासून घ्यावी लागली.

शेवटी एक कागद आला. त्यावर दोन गोल. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, जिथे दिसतं तिथे पांढरं, जिथे कमी तिथे करडं, जिथे काहीच नाही तिथे काळं. उजवा गोल बहुतेक पांढरा, एका कडेला करडा. डावा गोल अर्ध्याहून जास्त काळा होता. मी तो कागद नाकाला लावून बघितला. काळं आणि करडं यांतला फरक मला आजही कळतो.

याला काचबिंदू म्हणतात. डोळ्याचा दाब वाढून आतली नस मरते. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने कमी होत जातं, माणसाला पत्ताच लागत नाही. घरात आईबापांना असेल तर मुलांनी तपासून घ्यायचं असतं. मी विचारलं, "हिलाही नवी काच बसवा ना." त्या म्हणाल्या, "काका, मोतीबिंदूतलं परत येतं. काचबिंदूत जे गेलं ते परत येत नाही. जे उरलंय ते थेंबांनी राखायचं. रोज, न चुकता, जन्मभर."

मग त्यांनी सुनंदाला विचारलं, "कधीपासून जाणवतंय?"

सुनंदा माझ्याकडे बघून म्हणाली, "हल्लीच. आठ दिस झालं असतील."

७ फेब्रुवारी या वहीत लिहिलेलं आहे. तांब्या, कडा, तिची आई, शिबिर, सगळं माझ्या अक्षरात. मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, आठ दिवस नाही, दोन महिन्यांहून जास्त झाले, ती मला सांगत होती आणि शिबिरालाही मीच जाऊ दिलं नाही. त्या दोन महिन्यांत किती गेलं असं विचारलं. त्या म्हणाल्या, "ते सांगता येत नाही. आता आलात ना."

मला लाज वाटली. हे लिहून खाली सही करतो आहे.

१६ एप्रिल

आज सकाळी सुनंदाच्या डोळ्यांत मी थेंब घालायचे असं ठरवलं. पहिला थेंब कपाळावर पडला, दुसरा कानात, तिसरा उशीवर. ती म्हणाली, "बाटली संपायच्या आत एखादा डोळ्यात पडंल का?" शेवटी भाविकाने घातले. माझं ऑपरेशन होईपर्यंत भाविकाच घालणार. त्या डॉक्टरीणबाईंना लवकरची तारीख द्या असं सांगायला मी स्वतः फोन केला. गेल्या वर्षभरात मला डोळे दाखवायचीही घाई कधी झाली नव्हती.

२५ एप्रिल

काल उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. वीस मिनिटंही लागली नाहीत. आज सकाळी पट्टी काढली. पहिल्यांदा नर्सबाईचा कोट दिसला. पांढरा. इतका पांढरा की मला रडू आलं. नर्सबाई म्हणाली, डोळ्याला पाणी लावू नका.

गाडीतून येताना सगळं मोजून बघत होतो. डब्यातला भात पांढरा. सदरा पांढरा. भाविकाची मी गाडीतच माफी मागितली. ती मागच्या सीटवर होती, ती म्हणाली, "जाऊ द्या नाना, सदऱ्याला मी तीन साबण बदलले." वळणावर पाण्याची टाकी दिसली. काळी, गोल, माणसाएवढी. मी रूपेशला गाडी हळू घ्यायला सांगितलं आणि तिच्याकडे नीट बघितलं. फेब्रुवारीतली ती वीस मिनिटं आठवून घेतली. कुणाला काही सांगितलं नाही.

मग गाडी पुढे गेली आणि झाडांमधून देऊळ दिसलं.

जांभळं. पिकलेल्या जांभळासारखं जांभळं. कळसापासून चौथऱ्यापर्यंत, खांब, पायऱ्या, दीपमाळ, सगळं. मंगल कार्यालय असतं ना, रस्त्यावरून गाडीवाल्यांना दिसावं म्हणून रंगवलेलं, त्याहून वर. मी रूपेशला म्हणालो, "हे कुणी केलं?" रूपेशने आरशातून भाविकाकडे बघितलं. सुनंदा मात्र इतकी हसली, इतकी हसली की तिला पाणी प्यायला लागलं.

देवळामागे गेलो. तीन पट्टे. पहिला फिका जांभळा, दुसरा जांभळा, तिसरा वांगी. तिन्हींखाली माझी सही, मराठीत, तारखेसकट.

मग डावा डोळा झाकून बघितलं, जांभळं. उजवा झाकून बघितलं, उत्तम हस्तिदंती. जरा पिवळेपणा शिल्लक आहे, अजून अर्धी बाटली चालली असती. म्हणजे माझं सूत्र चुकलं नव्हतं. डाव्या डोळ्यापुरतं ते आजही बरोबर आहे.

२७ एप्रिल

नागूला बोलावलं. मी म्हणालो, "तू मला सांगितलं का नाहीस?"

नागू शांतपणे म्हणाला, "सांगितलं ना. तीनदा. तुमी तिन्ही येळा सही केलीत."

सोनाराने कान टोचले. मी म्हणालो, पुन्हा काढू, यावेळी रंग तू ठरव, सही तू कर. तेवढ्यात कमलेश आला. तो म्हणाला, काढू नका, लोक लांबून फोटो काढायला येतात, खाली नारळाची दोन दुकानं झाली, आणि देवीचं काही वाईट झालेलं नाही. नागूने देवळाकडे बघितलं. "वाडीवरून दिसतं आता," म्हणाला. "आधी दिसत नव्हतं." मी म्हणालो, कमिटीचा निर्णय कमिटीने घ्यावा, माझं काम मी केलं.

कमलेशला जाताना सांगितलं, अकरा फेब्रुवारीला तू गावात नव्हतास हे मला मान्य आहे. तो म्हणाला, "मग नाना, तुमी बोलत व्हता कुणाशी?" मी म्हणालो, विचार करून सांगतो.

१० मे

आता थेंब मी घालतो. सकाळी सात, रात्री नऊ. दोन महिन्यांनी पुन्हा दाब मोजायचा आहे, पुन्हा तो गोल काढायचा आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तो जसाच्या तसा राहिला की आपण जिंकलो. मी एकतीस वर्षं शेड सारखी राखायचंच काम केलं, पण इतकी भीती कधी वाटली नव्हती. रूपेशचाही दाब मोजून आणला, ठीक आहे, वर्षाने पुन्हा. माझा डावा डोळा जूनमध्ये.

सुनंदाने आज विचारलं, "त्या डॉक्टरीणबायला का सांगितलंत? मी झाकलं व्हतं ना." मी म्हणालो, खोटी तारीख माझ्याने चालत नाही. ती म्हणाली, "अपमान झाला तुमचा." मी म्हणालो, झाला, आणि फार उशिरा झाला.

२१ मे

संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. लग्न झाल्यापासून मी तिच्या डाव्या बाजूला बसतो, ती उजवीकडे, कारण पानाचं ताट उजवीकडे असायचं. पान सुटून वीस वर्षं झाली, जागा तशीच राहिली. आज मी काहीतरी सांगत होतो आणि ती समोर अंगणाकडे बघून हो हो म्हणत होती. मध्येच तिने पूर्ण मान वळवली, मी आहे ना ते बघितलं, आणि मान पुन्हा सरळ केली. थोड्या वेळाने पुन्हा वळवली. तेव्हा मला कळलं की किती तरी दिवस ती माझ्याशी नुसत्या आवाजावर बोलते आहे.

मी उठलो, फिरून तिच्या उजवीकडे जाऊन बसलो.

"आज हिकडं का?" ती म्हणाली.

"तिकडं ऊन लागतं."

तिने आभाळाकडे बघितलं. दुपारपासून ढग दाटले होते. मग तिने मान न वळवता माझ्याकडे बघितलं.

"बसा मग हितंच," ती म्हणाली.